दोन युनिट कमी

सात रस्ता, सोलापूर
दि. ११ ऑगस्ट २०२४

ती. महादेवीवहिनींस पिंकीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि दादा निरोप अर्धाच सांगतो, म्हणून बिरप्पाच्या भाजीच्या टेम्पोतून ही चिठ्ठी पाठवतेय. पायाचं प्लास्टर अजून महिनाभर आहे म्हणे. घरात उगीच फिरू नका.

पायलबद्दल लिहायचंय. माझ्याकडे राहून फार्मसीच्या कॉलेजला वेळेवर जाते, अभ्यास करते, त्यात तक्रार नाही. पण सहा महिन्यांत तुमची लेक हाडांवर आलीय. इन्शुलिन घेतलंस का विचारलं की घेतलं म्हणते. साखरेची वही रोज लिहिते. एकशे वीस, एकशे तीस, एकशे चाळीस. इतके शहाणे आकडे बघून मला बरं वाटायचं. काल कपाट आवरताना साखर तपासायच्या स्ट्रिपांचा डबा सापडला. पन्नासांतल्या सहाच वापरल्यात, आणि वही दोन महिन्यांची भरलेली. विचारलं तर बॅग उचलून निघून गेली.

वहिनी, शाळेच्या ऑफिसातून दुपारी फोन करून सुई टोचलीस का विचारणारी, जेवताना तिच्या ताटाकडे बघत बसणारी बाई मला व्हायचं नव्हतं. मी तिची लाडकी आत्या होते. आता मी घरात शिरले की ती खोलीत जाते. काय करू ते कळवा.

माझ्यावरची माया आहे तशी राहू द्या.
तुमची नणंद,
पिंकी

दुधनी
दि. १४ ऑगस्ट २०२४

चि. पिंकीस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी दोनदा वाचली. रागवू नको, पण पोरगी खोटं लिवणारी न्हाई. तेराव्या वर्षापासनं टोचून घेतीय बिचारी, सात वर्षं झाली. कंटाळली आसंल. मी हितं बघत हुते तवर तिला कवा दवाखान्यात न्यायची पाळी आली न्हाई. तुझे दादा म्हणत्यात, शिकणं पुरे, घरी आणू. मलाबी तसंच वाटतंय. तू एकटी, नोकरी करतीस, तुझ्या जिवाला किती ताण द्यायचा.

लपवायचं म्हणशील तर ती तुझ्याच वळणावर गेली की. माझं लगीन हून आले तवा तू दात किडल्याचं महिनाभर लपवलं हुतंस. गाल सुजला तवा घरात कळलं.

शेंगाची चटणी आन् कडक भाकरी पाठवलीय. तू पण खा. तूच निम्मी झालीयस आसं बिरप्पा सांगत हुता.

माया हायच, ती कुटं जात न्हाई.
तुझी वहिनी,
महादेवी

सोलापूर
दि. २ सप्टेंबर २०२४

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

दादा येऊन गेला. त्याने दोन वाक्यांत सांगितलं असेल, म्हणून सगळं लिहिते.

गुरुवारी सकाळपासून पायलला उलट्या होत होत्या. मला वाटलं बाहेरचं काही खाल्लं असेल. तासभर मी तिला लिंबूपाणी पाजत बसले, त्या एका तासाचं मला राहून राहून वाईट वाटतं. मग तिचा श्वास मोठमोठा चालायला लागला, तोंडाला पिकल्या फळासारखा वास यायला लागला. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. इन्शुलिन कमी पडून रक्तात आम्ल वाढलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुपारपर्यंत थांबला असतात तर काही सांगता आलं नसतं. तीन दिवस आयसीयूत होती. काल वॉर्डात आणली. जीव वाचला, काळजी करू नका.

गेल्या तीन महिन्यांची साखर कळते ती तपासणी केली. सातच्या आत हवी, ती बाराच्या वर निघाली. वही खोटी होती, वहिनी.

लिहायला लाज वाटते, पण मी दमलेय. दादा न्यायला तयार आहे तर न्या तिला. नेलंत तर मला वाईट वाटेल, आणि झोपही लागेल.

मनात राग धरू नका एवढंच मागणं.
तुमची,
पिंकी

सोलापूर
दि. ९ सप्टेंबर २०२४

ती. अव्वास पायलचा शि. सा. न.

घरी आलेय, म्हणजे आत्याच्या घरी. अजून चालताना दम लागतो. बाबा रविवारी न्यायला येणार म्हणाले. त्याआधी तुला खरं सांगायचंय.

जानेवारीत सात रस्त्याला रिक्षाची वाट बघत उभी होते आणि साखर उतरली. हात थरथरायला लागले, घामाने भिजले, बोलायला गेले तर शब्द येईना. फूटपाथवर बसले आणि आडवी झाले. लोक जमले. पोरगी प्यायलीय म्हणाले. एकाने मोबाइलवर शूटिंगही काढलं. माझ्या वर्गातली सोनम तिथून चालली होती, तिने ओळखलं आणि गाड्यावरचा उसाचा रस पाजला. नाहीतर तिथेच पडून राहिले असते.

त्या दिवसापासून इन्शुलिन दोन युनिट कमी घ्यायला लागले. मग चार. मग कॉलेजातला दुपारचा डोसच सोडला. अव्वा, साखर वाढली तर कुणाला दिसत नाही. उतरली की सगळ्या रस्त्याला दिसते. मला माहीत होतं मी काय करतेय, आम्हाला कॉलेजात हेच शिकवतात. तरी हात पुढे व्हायचा नाही. आत्याला सांगितलं असतं तर तिने नोकरी सोडून माझ्यामागे फिरायला कमी केलं नसतं.

हे सगळं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, भीती वाटते हे आधी सांगितलं असतंस तर डोस तुझ्या दिवसाप्रमाणे बसवून दिला असता. आता तसा बसवलाय. ग्लुकोज पिशवीत ठेवते. साखर उतरली तर काय करायचं ते सोनम त्यांच्याकडूनच शिकून आली.

काल वहीत खरा आकडा लिहिला, दोनशे अठ्ठ्याऐंशी. आत्याने बघितला. पेनाचं टोपण तेवढं लावून ठेवलं.

मला शिकायचंय. पण आत्या दमलीय हे मला दिसतं. तू सांगशील तसं करीन.

लेकीला तुझ्या मायेत असू दे.
तुझी,
पायल

दुधनी
दि. १२ सप्टेंबर २०२४

चि. पायलीस अव्वाचे आशीर्वाद. ही चिठ्ठी पिंकीआत्याला पण वाचायला दे.

तू आठवीत आसताना एकदा शाळेतनं तुला उचलून आणली हुती, ध्यानात हाय का बघ. डोळं फिरवलं हुतंस. मी बोटानं हिरडीला साखर चोळली तवा शुद्धीवर आलीस. त्या दिवसापासनं मी तुझ्या सिरिंजमधी डॉक्टरनी सांगितल्यापेक्षा दोन युनिट कमी भरायची. तुला न्हाई सांगितलं, तुझ्या बाबांना न्हाई सांगितलं. तू सोलापूरला जाईपर्यंत तेच केलं. डॉक्टर म्हणायचे साखर खाली का येईना, की मी मान खाली घालून बसायची. पोरगी परत तशी पडाय नगं, एवढंच डोक्यात. आन् पिंकीला मी मोठ्या तोंडानं लिवलं की माझ्याजवळ हुती तवर तिला काय झालं न्हाई.

तू कवा विचारलं न्हाईस. पण माझ्या मांडीला मांडी लावून बसायचीस, बघत आसशील.

बाबांना सांगितलंय, रविवारी जाऊ नका. त्यांनी कारण विचारलं, तेबी सांगितलं.

पिंकी, तू दमलीस हे तू लिवलंस ते बरं केलंस. पायावर उभी राहिले की दर महिन्याला आठ दिस मी तितं येऊन राहते. त्या आठ दिसांत तू कुटंबी जा, पायलीचं नाव काढू नको.

पायली, शिकणं सोडू नको. हितं येऊन राहू नको. हितं आलीस तर सुई मी हातात घेईन, आन् मला माझा भरवसा न्हाई, मी परत दोन कमीच भरीन. मी तितं आले तरी डोस तू तुझ्या हातानं घे. मी शेजारी बसते, हात लावणार न्हाई.

आईवर लोभ ठेव, चुकलेली आसली तरी.
तुझी,
अव्वा