रविवारचा पारा

११ जानेवारी २०२५, शनिवार

दीड डिग्री ओलांडली! शाळेत आज दुसरं बोलणंच नाही. आमच्या हेडमास्तरांनी, अमरसिंह सरांनी, प्रार्थनेनंतर माइकवर पेपर वाचून दाखवला. सरलेलं २०२४ हे आजवर मोजलेलं सगळ्यात तापलेलं वर्ष. कारखाने, इंजिनं यायच्या आधी जग जेवढं गरम होतं त्यापेक्षा सुमारे १.५५ डिग्रीनं जास्त. "वर्षातली विज्ञानाची सगळ्यात मोठी बातमी!" सर म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "जोतीराम, फळ्यावर घ्या."

घेतली. लाल खडूनं. खाली दोन रेघा.

सहावीतली एक पोरगी कमरेवर हात ठेवून उभी. "मामा, दीड डिग्रीनं काय होतंय? पंखा एका नंबरानं वाढवायचा की!" मी म्हटलं, "तुझ्या अंगात दीड डिग्री जास्त झाली तर शाळेला येतीस का आईच्या मांडीवर झोपतीस?" वर्गात पळाली. मला माझंच कौतुक वाटलं.

आणि का वाटू नये? या शाळेत डिग्री म्हटलं की मीच! मैदानाच्या कोपऱ्यात चार पायांवर पांढरी लाकडी पेटी आहे, आत थर्मामीटर. रोज संध्याकाळी साडेपाचला पेटी उघडायची, दिवसात पारा कुठवर चढला तो आकडा वहीत लिहायचा, आणि ताप बघायच्या कांडीसारखा पारा झटकून खाली आणायचा. २००१ पासून करतोय. शिपायाचं एक काम म्हणून गळ्यात पडलं होतं, आता जीव आहे त्यात. मे अखेर रिटायर. मग पेटीकडं कोण बघणार, देव जाणे.

पण १.५५ मधला तो शेवटचा पाच त्यांनी बघितला कुठं? आमच्या कांडीवर अर्ध्या डिग्रीच्या खाली रेघच नाही!

१२ जानेवारी, रविवार

मॅच! २-१!! शेवटच्या मिनिटाला! आमची पेठ ती आमची पेठ. गुलाल अजून कानात आहे, घसा बसलाय. पेटी उद्या.

१३ जानेवारी, सोमवार

पारा ३१.५. कालच्या रकान्यातही ३१.५ लिहून टाकलं. काल झटकलाच नव्हता, म्हणजे दोन दिवसांतला जास्तीचा आकडा हाच. आता तो रविवारचा की सोमवारचा ते त्या पाऱ्यालाच ठाऊक.

फुटबॉलचा हंगाम आला की रविवारी असंच होतं. चारला मॅच, साडेपाचला पेटी. माणूस एक, जागा दोन. चोवीस वर्षांत कुणी विचारलं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज विचारायला आलं की कुणीतरी! शबनूर मॅडम. युनिव्हर्सिटीत संशोधन करते. वय असेल सव्वीस. हेल्मेटसकट ऑफिसात शिरली आणि म्हणाली, "तापमानाच्या वह्या कुणाकडं हायत?" मी कपाट उघडलं. चोवीस वह्या, खाकी कव्हर घातलेल्या. बाईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले.

"मामा, हे सोनं हाय सोनं! एक बी खाडा न्हाय!"

जिल्ह्यात अशा नऊ पेट्या तिनं शोधल्यात, काही शाळांत, काही शेतीफार्मांवर. आपलं कोल्हापूर खरंच किती तापलं, हे तिला काढायचंय. जगाचा जो आकडा पेपरात येतो तो म्हणे अशाच हजारो पेट्यांमधून, समुद्रातल्या जहाजांवरून गोळा होतो. मी विचारलं, "म्हंजे त्या १.५५ मध्ये माझा बी वाटा?"

हसली. "मामा, तुमची वही अजून कपाटाच्या भाईर कुठं गेलीया?"

बरोबर आहे. पण आता जाणार! दोन चहा पाजले तिला, वह्या बांधून दिल्या.

१८ जानेवारी, शनिवार

सरांनी जाहीर केलं. २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन. माझा सत्कार! फेटा, शाल, श्रीफळ. बॅनरवर फोटो. "चोवीस वर्षं, एकही दिवस न चुकता!" सर म्हणाले आणि मास्तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, लाजला.

घरी बनाला सांगितलं. बना म्हणजे आमची बनाबाई, लग्नाला चौतीस वर्षं झाली. ती भाकरी थापत होती. थांबली. "एक बी दिवस न चुकता? आणि मॅचला कोण जात हुतं, तुमचं भूत?"

बायकोला सगळं ठाऊक असतं हा मोठा त्रास आहे.

तरी खरं लिहितो. मला तो सत्कार पाहिजे. चोवीस वर्षं त्या स्टेजवर खुर्च्या मांडल्या, पुसल्या, उचलल्या. बसलो नाही एकदाही.

२८ जानेवारी, मंगळवार

मॅडम आली ती उड्या मारतच. "मामा, एक भारी गंमत सापडलीया! जानेवारी ते मे, निम्म्याहून जास्त वेळा रविवार आणि सोमवारचा पारा तंतोतंत सारखा! जून लागला की पुन्हा वेगवेगळा. चोवीस वर्षं! असं का असंल?"

माझ्या हातातली घंटेची दांडी खाली पडली. म्हटलं, "कोल्हापूर हाय मॅडम. हितं काय बी होतंय."

तिला ते पटलं नाही, शास्त्रज्ञ आहे. तिचं म्हणणं, साखर कारखान्यांचा हंगाम, गुऱ्हाळांचा धूर, रविवारी कमी गाड्या, यांचा काहीतरी संबंध असणार. बोलता बोलता डोळे चमकत होते पोरीचे.

२ फेब्रुवारी, रविवार

मॅचला गेलो. ०-०. लक्षच लागलं नाही. साडेपाच वाजले तशी पेटी आठवली, पण उठलो नाही. पेनल्टी मिळेल असं वाटत होतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

मेलो! तिनं त्याला नाव ठेवलं. 'कोल्हापूरचा रविवार परिणाम.' मार्चमध्ये पुण्याला शंभर शास्त्रज्ञांपुढं वाचणार. नकाशावर आमच्या शाळेवर लाल टिकली लावलीय.

अझीमकडं गेलो. अझीम माझा लहानपणापासूनचा दोस्त, शिंपी. पेठेच्या टीमच्या जर्सी तोच शिवतो. सगळं सांगितलं. मशीन थांबवून हसला, हसला, डोळ्यांतून पाणी! "आयला जोत्या, बायसिकल किकमुळं हवामान थांबलं व्हय!" मग म्हणाला, "सांगू नगंस. जग काय तुझ्या मॅचनं तापलंय? रिटायर हो, फेटा बांध, गप घरी बस."

बनाला विचारलं. ती एवढंच म्हणाली, "त्या पोरीला शंभर मानसांत तोंडावर पाडू नगा."

दोघंही बरोबर वाटतात. हाच घोळ आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

बॅनर आला. माझा फोटो बरा आलाय, मिशी जरा जास्तच काळी केलीय. 'सलग २४ वर्षे, एकही दिवस न चुकता!' ऑफिसात गुंडाळून ठेवलाय. दिवसभरात तीनदा उलगडून बघितला.

मॅडम वह्या परत द्यायला आली. तिच्या मोबाईलवर तीच जानेवारीतली बातमी, इंग्रजीत. १.५५ च्या पुढं अधिक-उणे काहीतरी. विचारलं, हे शेपूट कसलं?

"०.१३ मामा. म्हंजे एवढ्यानं इकडंतिकडं चुकलेलं असू शकतंय."

"कुणी पकडलं त्यांना?"

"कुणी न्हाय. त्यांनी सोताच लिवलंय."

"सोताहून? एवढी मोठी बातमी, आणि शेजारीच आपली चूक छापायची?"

"चूक किती ते सांगितलं न्हाय तर आकड्यावर इश्वास कोण ठेवणार, मामा?"

ती गेली. मी फळा पुसायला घेतला आणि पुसलेलाच फळा पुन्हा पुसत बसलो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सांगून टाकलं!

तिला फोन करून बोलावलं, पेटीजवळ नेलं आणि घडाघडा बोललो. मॅच, गुलाल, सोमवार, दोन रकाने, एक आकडा. म्हटलं, "तुमचा रविवार परिणाम म्हंजे मीच हाय, मॅडम."

ओरडली असती तर बरं झालं असतं. चेहरा असा पडला की बघवेना. पिशवी उचलली आणि स्कूटीकडं गेली. ती स्कूटीपण अशी शहाणी, सुरूच होईना! शेवटी मीच किका मारून सुरू करून दिली. ज्याच्यावर रागवायचं त्यानंच किक मारायची, असला प्रसंग वैऱ्यावर येऊ नये.

आता मी बरं केलं की वाईट? हलकं वाटायला पाहिजे म्हणतात. मला तरी स्कूटीवरची तिची पाठच दिसतेय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सरांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं. "अहो जोतीराम, बॅनर छापून आलाय की!"

म्हटलं, "व्हय सर. पण ते खरं न्हाय."

"थोडंफार चालतंय हो. कोण तपासणार हाय?"

"त्या बाईंनी तपासलं की!"

त्यांनी पेपरवेट दोनदा फिरवला. माणूस वाईट नाही. मग म्हणाले, खोटं लिहिलेल्या बॅनरखाली पोरांना टाळ्या वाजवायला सांगणं काही बरोबर नाही. सत्कार रद्द. मी "व्हय सर" म्हटलं आणि घंटा द्यायला गेलो. पाच मिनिटं उशिरा झाली. पोरं खूश.

१६ फेब्रुवारी, रविवार

दार वाजलं. बघतो तर शबनूर मॅडम! डोळे सुजलेले, पण हातात नवी वही.

"मामा, तारखा पायजेत. नेमक्या कुठल्या रविवारी पेटी उघडली न्हाय?"

मी म्हटलं, चोवीस वर्षांचे रविवार? काल काय खाल्लं ते आठवत नाही मला! "पण मॅच कुठल्या रविवारी हुती ते एकाला म्हाईत हाय."

तिला अझीमच्या दुकानात घेऊन गेलो. आणि त्या बहाद्दरानं माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली. पेठेच्या प्रत्येक मॅचचं कात्रण! शर्टाच्या कापडांसारख्या घड्या घालून, वर्षांप्रमाणे गठ्ठे, गठ्ठ्याला रंगीत दोरा. मॅडम बघतच राहिली. अझीम म्हणाला, "पावणं, मी शिंपी हाय. माप घेतल्याबिगर कापत न्हाय."

मग काय विचारता! अझीम तारीख वाचायचा, मी आठवायचो, मॅडम लिहायची. "२००९, सेमीफायनल." गेलतो. "२०१३, पावसानं मॅच बंद पडली." न्हाय, त्या दिवशी परत येऊन पेटी उघडलती, थर्मामीटरवर थेंब होते. "२०१६, गोलकीपरचा दात पडला." गेलतो, दात मीच शोधला! "२०२०, लॉकडाऊन." मॅचच न्हाय. त्या वर्षी एप्रिल-मेचे सगळे रविवार खरे, पाससाठी पोलिसांशी भांडलो होतो पेटीपायी.

मॅडम पहिल्यांदा हसली. मग हसतच राहिली.

आजची मॅच तिघांचीही हुकली. साडेपाचला जाऊन पेटी उघडली. ३४. एकट्या रविवारचा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

यादी पुरी झाली. तीनशे सात दिवस खोटे. प्रत्येक तारखेपुढं मी सही केली. मॅडम म्हणाली, आता बाकीच्या आठ पेट्यांकडं जाते, तिथल्या माणसांनाही विचारते. पुण्याचं भाषण तिनं रद्द केलंय. माझ्यामुळं. "जाऊ दे मामा," म्हणाली, पण तिलाही ते लागलंय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विज्ञान दिन. खुर्च्या मी मांडल्या. पाहुणे म्हणून कुणी डॉक्टर आलते, त्यांना माझी शाल मिळाली. शाल भारी होती, आतून मऊ. मीच घडी घालून तबकात ठेवली म्हणून माहीत.

सरांनी भाषणात पुन्हा १.५५ सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मागं दाराशी उभा होतो. वाईट वाटलं का? वाटलं. लई वाटलं. घरी आल्यावर बनानं तांबडा रस्सा वाढला, आणि वाढतच राहिली.

८ मार्च, शनिवार

शबनूरचा फोन. नऊही पेट्यांच्या वह्यांत शिळे आकडे निघाले, एकाच दिवसाचा आकडा दोन-दोन रकान्यांत. आठ जणांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, एकही दिवस चुकला न्हाय. कुठला आकडा खरा, कुठला खोटा, कळायला मार्गच नाही. त्या आठही वह्या बाद. थिसिसमध्ये एकच राहिली, तीनशे सात दिवस खोडून. माझी.