माझा एकुलता एक आंतरराष्ट्रीय गोल

तीर्थस्वरूप गुन्वोर मावशीस,

तुझ्या बहिणीच्या धाकट्या आणि (तुझ्याच शब्दांत) जरा अर्धवट मुलाचा, म्हणजे आल्रिकचा, कमरेत वाकून नमस्कार. वाकणं आता जमत नाही, पण पत्रात सगळं जमतं. तुझा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही गेले. डॉक्टरीण म्हणाली, "चौतिसाव्या वर्षी एवढे झिजलेले गुडघे मी फक्त लाकूडतोड्यांचे पाहिलेत." म्हणून मागच्या आठवड्यात मी फुटबॉल सोडला. वर्तमानपत्रात तीन ओळी आल्या, त्यातही नाव चुकलं.

आता तुला ती डेन्मार्कविरुद्धच्या सामन्याची हकीकत खरी काय ती सांगतो. सात वर्षं झाली, आणि तू एका शब्दानं विचारलं नाहीस (हेच मला जास्त लागलं). मी आणि तुझा सिक्स्टन, दोघांनाही देशाच्या संघात एकदमच बोलावणं आलं, तेव्हा निघताना तू आम्हाला आंबवलेल्या हेरिंग माशांचा एक डबा दिलास. का, तर स्टॉकहोमात माणसानं तोंडात घालावं असं काही मिळत नाही. मावशी, तो डबा आधीच फुगलेला होता. मी तो खेळाडूंच्या खोलीत हीटरवर ठेवला (ते टेबल आहे असं मला वाटलं). सामन्याआधी अर्धा तास तो फुटला. आपल्या नाकाला सवय आहे गं. पण आमचे दोन्ही मुख्य स्ट्रायकर दक्षिणेकडचे, नाजूक. एक संडासात शिरला तो बाहेर येईना, दुसरा बसमध्ये जाऊन आडवा झाला. आमचे प्रशिक्षक, रूने, नाक दाबून ओरडले, "हा वास कोण सहन करू शकतं?" आम्ही दोघांनी हात वर केले. असे आम्ही देशाकडून खेळलो. गावच्या सभागृहात माझ्या फोटोखाली 'जिद्दीच्या जोरावर' असं लिहिलंय, ते तू सवडीनं खोडून टाक.

तर शून्य-शून्य, ऐंशी मिनिटं झालेली. गोलासमोर मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. (एवढ्या मोठ्या सामन्यात नाडी सुटते कशी, असं तू विचारशील. मीही विचारतो.) मागून सिक्स्टननं तीस मीटरवरून असा काही फटका मारला की मैदान 'हा!' म्हणालं. चेंडू माझ्या ढुंगणावर आपटला, दिशा बदलली आणि जाळ्यात गेला. मी उठलो तर नऊ जण माझ्या अंगावर. सिक्स्टन तेवढा लांब उभा होता, कमरेवर हात ठेवून. तो म्हणतो, चेंडू तसाही आतच जात होता. डेन्मार्कचा गोलरक्षक म्हणतो, नव्हता. मला कसं कळणार? माझं तोंड बुटाकडे होतं.

इथवर ठीक होतं. पण टीव्हीवाल्या बाईनं माइक पुढे केला आणि मी बोललो, "मला चेंडू मागून येताना ऐकू येतो." कशाला बोललो असेन? त्या एका वाक्यावर मला आणखी अकरा सामने मिळाले. दरवेळी मी पाठमोरा उभा राहायचो आणि लोक आशेनं बघायचे. गोल एकही नाही. सिक्स्टनला मात्र पुन्हा कुणी बोलावलं नाही. तो गावी येऊन फेरीबोट चालवू लागला. तेव्हापासून आजीच्या नव्वदीच्या जेवणातसुद्धा त्याला मोहरीची चटणी हवी असली, तरी तो तुला सांगायचा, तू मला सांगायचीस.

दोन महिन्यांमागे मी स्टॉकहोमला फुटबॉलच्या कचेरीत गेलो. अर्ज दिला की तो गोल सिक्स्टनच्या नावावर करा. कारकून चांगला होता, कॉफी दिली. म्हणाला, "चेंडू शेवटी तुम्हाला लागला ना?"

"लागला, पण मी खेळत नव्हतो. नाडी बांधत होतो."

"ते तुमचं खासगी."

तेव्हा कागदोपत्री काही होणार नाही, मावशी. पण मी गेलो होतो, एवढं त्याच्या कानावर घाल. मी घातलं तर तो कान झाकेल.

तुझा,
आल्रिक

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. सिक्स्टन गावच्या म्हाताऱ्यांचा संघ चालवतो म्हणे. त्यात जागा आहे का, एवढं विचारशील? कुठेही उभा राहीन, त्याच्या पुढे सोडून.

ता. क. २. पाकिटावर तिकीट नाही, कारण मी तुझ्या घरासमोरच्या बसथांब्यावर बसलोय. दारातून टाकणार होतो. तीन तास झाले, धीर होत नाही. दोन बसवाल्यांनी चढायचं का म्हणून विचारलं.

ता. क. ३. मावशी, घोटाळा झाला. सिक्स्टन कचरा टाकायला बाहेर आला. पिशवी खाली ठेवून म्हणाला, "आई नाहीये. कालच तुझ्या आईकडे गेलीय." म्हणजे हे आता टपालानंच पाठवायला हवं. माझ्या हातातलं पाकीट बघून त्यानं खिशातून तिकीट काढून दिलं आणि पेटी दाखवायला म्हणून चालू लागला. पेटी कुठे आहे ते मला लहानपणापासून माहीत आहे, हे मी बोललो नाही. तो ताडताड पुढे गेलाय. माझे गुडघे... थांब, तो थांबलाय. निघतो.