कुमुद हिस बाबांकडून

४ डिसेंबर, मंगळवार
सायकल गेली.
ग्रंथालयात पुस्तक बदलायला गेले होते. बाहेर येऊन बघते तर जागा रिकामी. मागच्या चाकाला कुलूप होतं, म्हणजे उचलूनच नेली मेल्यानं. आधी वाटलं मीच दुसरीकडे लावली असेल. त्या बोळातून चार फेऱ्या मारल्या. चहावाला म्हणाला, काकू, चालताय का? डॉक्टरनं सांगितलंय का?
चौकीत गेले. हवालदार म्हणाला, "सायकल? आजकाल सायकल कोण चोरतं?" म्हटलं, तेच विचारायला आलेय. पावती आहे का? अहो, मी अकरावी पास झाले तेव्हा बाबांनी घेतली ती. बाबा नाहीत, दुकान नाही, पावती कुठली. शेवटी अर्ज घेतला. काळी, लेडीज, चेनकव्हरवर अक्षरं कोरलेली. काय अक्षरं, ते त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.
चालत घरी. पिशवी हँडलला अडकवायची सवय, दोनदा हवेतच अडकवली.

५ डिसेंबर
केदार कंपनीच्या बसमधून उतरून नऊला आला. म्हणे, "आई, चिल. स्कूटी घेऊ तुला. लोन फोनवर होतं आता." पोराला हिंजवडीत नोकरी लागल्यापासून सगळं फोनवर होतं.
हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "जिन्याखालची जागा मोकळी झाली एकदाची."
रात्री मुद्दाम आमटीत गूळ घातला नाही. कळलंही नसेल.

६ डिसेंबर
कुणाला सांगायचं, म्हणून इथे लिहिते.
बाबांनी सायकल घेतली आणि घरी न आणता आधी बोहरी आळीत नेली. भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे. तो म्हणाला, मास्तर, मी तांब्ये-पातेली करतो, सायकल नाही. बाबा हटले नाहीत. लग्नाच्या भांड्यांवर घालतात तसं ठिपक्याठिपक्यांनी चेनकव्हरवर घालून घेतलं, "कु. कुमुद हिस बाबांकडून". आईला हसू आवरेना. आडनाव तरी घालायचं, कोण कुमुद कळेल कसं? बाबा म्हणाले, आपल्या घरात कुमुद एकच आहे.
चार वर्षांनी लग्न झालं. ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीनं लिहिलं, नीलिमा. झाले नीलिमा दामले. नाव तसं चांगलं आहे. मलाही पहिल्या दिवसांत आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. सायकल मात्र हट्टानं सासरी आणली.
माहेरी गेलं की कुमुद. मग बाबा गेले, आई गेली. दादा 'कुमे' म्हणायचा, तो परवाच्या श्रावणात गेला. यंदा भाऊबीजेला चंद्राला ओवाळलं. त्यानंतर मला कुमुद म्हणणारं कुणी उरलेलं नाही. भाजी आणायला निघाले की कुलूप काढताना वाकावं लागायचं, तेव्हा नजर पडायची अक्षरांवर. एवढंच होतं ते. ते पण उचलून नेलं.

७ डिसेंबर
केदारनं ऑफिसात जाहिरात छापून आणली. इंग्रजीत, वर सायकलचं चित्र, तेही पुरुषी सायकलचं. म्हटलं, ठेव तुझ्याकडे. मी हातानं लिहिल्या. "हरवली आहे. काळी लेडीज सायकल. चेनकव्हरवर 'कु. कुमुद हिस बाबांकडून' असे कोरलेले. कृपया कळवावे." खाली घरचा फोन.
सायकलची दुकानं शोधायला निघाले तर निम्म्या ठिकाणी मोबाइल विकतायत. पंक्चरवाल्यांकडे लावल्या, कर्वे रस्त्यानं पार वारज्यापर्यंत. बसनं. पाय तुटले. घरी ह्यांना काही बोलले नाही, उगाच अक्कल ऐकून घ्यावी लागते.

९ डिसेंबर, रविवार
जुन्या बाजारात जाऊन आले. सायकलींची रांगच्या रांग. चेनकव्हरं बघत वाकून वाकून चालत होते. एक विक्रेता म्हणाला, "मावशी, काय हरवलं?" म्हटलं, सायकल. "मग यातली घ्या की. यापण कुणाच्या तरी हरवलेल्याच असतील." निर्लज्ज! पण हसू आलं.
नाही मिळाली.

११ डिसेंबर
बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा वाटलं होतं, आता रोज सकाळी सायकल काढायची, कुठेही जायचं. संभाजी बागेपर्यंत, नाहीतर नुसतं नदीकाठानं. कॉलेजात जायचे तशी. तेव्हा लकडी पुलावरून आम्ही पोरी चौघी-चौघी ओळीनं जायचो, मागून कुणीतरी ओरडायचं, कुमुद, थांब की गं!
आज गॅलरीत उभी राहून रस्त्यावरच्या सायकली बघत होते. आहेतच किती. दूधवाला, पेपरवाला, एक शाळेतली मुलगी. तिची आई स्कूटरवरून मागे मागे.

१४ डिसेंबर, शुक्रवार
जेवताना हे म्हणाले, "फोन खात्याला झालंय काय? आज दोनदा राँग नंबर. कुणी कुमुद हवी होती."
माझा घास हातात.
"काय सांगितलंत तुम्ही?"
"इथे कुणी कुमुद नाही म्हणून. दुसऱ्यांदा जरा झापलीच. मुलगी होती कुणीतरी."
मी ह्यांच्याकडे बघत राहिले. केदार एकदा माझ्याकडे, एकदा ह्यांच्याकडे. त्याला तर माहीतच नव्हतं. मी म्हटलं, "अहो, मी कुमुद."
आणि हे म्हणाले, "अगं, हो की!"
चष्मा कुठे ठेवला ते आठवल्यावर म्हणतात तसं. अगं, हो की.
पान तसंच ठेवून उठले.

१५ डिसेंबर
फोनपाशी बसून आहे. मोलकरणीला म्हटलं, उद्या ये, आवाज नको. केदार म्हणतो, कॉलर आयडी घेऊ म्हणत होतो मी. आता म्हणतो.
तीन फोन आले. दोन केदारच्या मित्रांचे, एक क्रेडिट कार्डवाला. त्या क्रेडिट कार्डवाल्यालाही विचारलं, आपण सायकलबद्दल बोलताय का?
ह्यांनी दुपारी स्वतःहून चहा केला, कप शेजारी आणून ठेवला. मी घेतला. बोलले नाही.

१६ डिसेंबर, रविवार
आला!
"कुमुदताई हायत का? ते रागावनारे काका नकोत."
मग म्हटलं, "कुमुद बोलतेय." किती वर्षांनी म्हटलं हे. माझाच आवाज मला वेगळा वाटला.
वारज्याची मुलगी. संगीता नाव. पंक्चरवाल्याकडे माझा कागद वाचला. सायकल तिच्याकडे आहे. जुन्या बाजारातून घेतली, चोरीची आहे हे ठाऊक नव्हतं म्हणाली, आईशप्पत म्हणाली, रडायच्या बेतात. म्हटलं, रडू नकोस गं, मी येते बघायला.

१८ डिसेंबर
स्कूटरवरून ह्यांनीच नेलं. "रिक्षानं कशाला, सोडतो."
सायकल पोपटी! माझी काळी सायकल कुणी मेल्यानं पोपटी रंगवली, वर घंटीला लाल गोंडा. पण चेनकव्हरवर अक्षरं लखलखीत. पुसताना तिच्या हाताला ठिपके लागले म्हणे, तर या पोरीनं पिनेनं एकेका ठिपक्यातला रंग काढलाय. सगळा. संगीता वीस-बावीसची असेल. हिंजवडीत एका कंपनीत साफसफाईला जाते. हायवेपर्यंत सायकल, तिथून कंत्राटदाराची गाडी. पहाटे.
म्हणाली, "माझ्या बापानं आमाला टाकलं, मावशी. कुनाच्या बापानं असं लिवून दिलंय बघून लई भारी वाटलं. म्हनून आमी सायकलीचंच नाव ठिवलंय."
"काय ठेवलंय?"
तिची आई आतून म्हणाली, "कुमुद. कुमुदला आत घे, कुमुदची हवा गेली, दिवसभर त्येच चालतंय हिचं."
मी अंगणात तशीच उभी. इकडे माझ्या घरात कुणाला माहीत नाही, आणि तिकडे वारज्यात रोज पहाटे कुणीतरी माझं नाव घेतंय. सीटवर हात ठेवला. सीट तीच आहे, उजवीकडे जरा खचलेली. मला ती तेव्हाच्या तेव्हा हवी होती. बसून निघून जावं इतकी हवी होती. संगीता हँडल धरून उभी होती आणि सोडत नव्हती, मीही सोडत नव्हते.
तेवढ्यात हे बोलले. जन्मभर सरकारी नोकरी केलेला माणूस. "आपण चौकीत अर्ज दिलाय. सायकल मिळाल्याचं कळवायला हवं. म्हणजे हिच्यावरही बालंट यायला नको." संगीताचं तोंड उतरलं. मला मात्र पटलं. नियमानं केलं की सगळं नीट होतं, असं आम्हा दोघांनाही वाटतं.

२० डिसेंबर
नियमानं केलं!
संगीता बिचारी स्वतः सायकल चालवत चौकीत आली. हवालदारानं तिचा जबाब घेतला, ती साधी खरेदीदार आहे हे त्याला पटलं, तेवढं बरं. मग सायकलला दोरी बांधून मागच्या अंगणात लावली. चोरीचा माल सापडला म्हणजे मुद्देमाल. कोर्टाच्या हुकमाशिवाय कुणालाच नाही. आम्ही सांगितलंच नसतं तर कुत्रं विचारत नव्हतं. आम्हीच शहाणे.
आणि वर मालकीचा पुरावा काय? अक्षरं दाखवली. त्यानं वाचली. "तुम्ही नीलिमा. ही पोरगी संगीता. सायकल कुमुदची. कुमुदला घेऊन या."
म्हटलं, मीच ती.
"काकू, असं उद्या कुणीही म्हणेल."
शाळेचा दाखला आहे ट्रंकेत, कुमुद विनायक पेठे. पण तीच मी, हे कोण सांगणार? तेव्हा लग्नं नोंदवायला कोण जात होतं. माहेरचं कुणी आहे का, विचारलं. नाही. कुणीच नाही, असं मोठ्यानं सांगावं लागलं.
"मग मिस्टरांना आणा. ज्यानं नाव बदललं त्यानंच सांगावं."
संगीता चालत गेली. बसचे पैसे देऊ केले तर हात लावेना.

२१ डिसेंबर
ह्यांना सांगितलं. नुसतं "बरं" म्हणाले. रात्री उशिरापर्यंत आरामखुर्चीत होते.

२२ डिसेंबर, शनिवार
चौकी. इस्त्रीचा शर्ट घातला होता ह्यांनी. हवालदार लिहीत होता.
"पत्नीचं लग्नाआधीचं नाव?"
हे पुटपुटले काहीतरी.
"मोठ्यानं सांगा साहेब, पंख्याचा आवाज आहे."
"कुमुद."
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. ह्यांच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं ते. बघायला आले होते तेव्हाही 'आपण' म्हणत होते मला.
मग न विचारता म्हणाले, "नाव मी बदललं. तिला विचारलं नव्हतं."
हवालदार म्हणाला, तेवढं लिहायची गरज नाही.
"लिहा."
"साहेब, कोर्टाला त्याचा काय उपयोग?"
"कोर्टाला नसेल. लिहा तुम्ही."
लिहिलं त्यानं. ह्यांनी चष्मा लावून वाचलं, मग सही केली. सायकल पाहिली मागे जाऊन. जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या गर्दीत एका कोपऱ्यात. हे वाकले, रुमालानं चेनकव्हर पुसलं. हवालदार ओरडला, मुद्देमालाला हात लावू नका!

२६ डिसेंबर
जबाब पुरेसा आहे म्हणे. कोर्टाचा हुकूम झाला की सायकल माझी. केव्हा, ते विचारू नये.
संगीताचा फोन. "कुमुदताई, कुमुद कदी सुटनार?" तुरुंगातच आहे जणू. अंधारात हायवेपर्यंत चालत जाते, परवा गाडी चुकली, खाडा पडला. तक्रार नव्हती करत, सहज सांगत होती. मी म्हटलं, सुटेल गं. कुणाकडे सुटेल ते दोघीही बोललो नाही.
देऊन टाकावी तिला, असं मनात येतं. लगेच वाटतं, का म्हणून? माझ्या बाबांनी मला दिलीय, तसं लिहिलंय वर. दुसरी घेऊन द्यावी तिला, नवी कोरी. पण तिला काय नुसती सायकल हवीय? तिलाही तीच हवीय. अक्षरांतला रंग पिनेनं काढलाय पोरीनं. मला हवीच आहे ती. आणि ती पहाटे चालत जाते, हे काही डोक्यातून जात नाही.
केदार म्हणतो, आई, तू ओव्हरथिंक करतेस. असेल बाबा.

२८ डिसेंबर
कोर्टाकडून अजून काही नाही. जिन्याखालची जागा ह्यांनी आज स्वतः झाडली. कुणी सांगितलं नव्हतं.
आत्ता लिहीत बसलेय तर आतून हाक आली, चहा झालाय म्हणून. "नी—" इतकंच म्हणाले आणि थांबले. भांडं ठेवल्याचा आवाज. मग हळूच, नवीन माणसाला हाक मारावी तसं, "कुमुद."
ओ दिली नाही मी. ऐकू आलं नाही असं दाखवून लिहीत बसलेय. पुन्हा मारतात का बघते.