ओटीत घेतलेला फ्रिज

५ मे
उलव्यात बस्तान बसलं एकदाचं. पनवेलच्या लॅबमधली नोकरी आणि ही खोली, दोन्ही भाविकानेच मिळवून दिली. कॉलेजपासून तिच्याशिवाय माझं पान हलत नाही, आणि मला दुसरं आहे तरी कोण? ती ही खोली सोडून ठाण्याला गेली, जाताना आपला फ्रिज मला देऊन गेली. तोही साग्रसंगीत. फ्रीझरमधला गारठलेला नारळ आणि तांदूळ माझ्या ओढणीत घालून ओटी भरली, तीनदा 'घेतला' म्हणायला लावलं. मीही हसत म्हटलं. भर मे महिन्यात स्वेटर घालणारी बाई, तिचं काय मनावर घ्यायचं!

८ मे
लॅबमध्ये रोज दोनदा फ्रिजचं तापमान लिहिणारी मी, घरचा कसा सोडेन? भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. मागच्या जाळीवर इथल्या बांधकामांची धूळ थापली होती, ती ब्रशने काढली. दाराचं रबर साबणाच्या पाण्याने पुसलं, मग दारात दहाची नोट धरून ओढून पाहिली. घट्ट. तरीही फ्रीझरमध्ये बोटभर बर्फ आहे. तो काढू नकोस, असं भाविकाने बजावलं होतं. आळशी कुठली.

९ मे
प्लग काढला, दार उघडं ठेवलं, आत कढत पाण्याचं पातेलं, खाली फडकी. सुरीने खरवडायचं नाही, नळी फुटते, हे मी सगळ्यांना शिकवते. चार तासांनी पाहिलं तर पातेल्यातलं पाणी गोठलं होतं. प्लग अजून बाहेरच होता.

१२ मे
प्लग लावलेलाच नाही. बर्फ चार बोटं. मिथुन मेकॅनिकने मागून उघडून पाहिलं. कॉम्प्रेसर कधीचाच जळालाय म्हणाला, आणि चहा न घेताच गेला. बोटं निळी पडलीत. कपाटात तळाशी ठेवलेली शाल काढली.
फ्रिज: उणे वीस. मी: पस्तीस. अंगाचं तापमान सदतीस हवं.

१४ मे
घरमालकीण रमाकाकींना विचारलं. त्या उंबऱ्याच्या आत येईनात. बाहेरूनच म्हणाल्या, "पोरी, त्यो उतारा हाय. तुज्या मैत्रिणीनं ओटीत घातला, तू घेतलास. आता तुजी ऊब खाऊनच त्यो चालल. फेकून काय उपेग नाय. कुनी आपखुशीनं घेतला तरच सुटशील." आधी का नाही सांगितलं, विचारलं. त्या पाठ फिरवून निघून गेल्या.
मी: तेहेतीस.

१५ मे
भाविकाला फोन केला. मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल, निदान रडेल तरी. तिने सगळं शांतपणे कबूल केलं. तिलाही कुणीतरी असाच दिला होता. मग मीच का, विचारलं. म्हणाली, दुसऱ्या कुणाला दिला असता तर त्याने पुढे ढकलला असता, आणि फिरत फिरत तो परत तिच्याच दारात आला असता. तू कुणाच्या गळ्यात घालणार नाहीस, मला खात्री होती, म्हणाली.
माझ्या चांगुलपणाचा असा हिशेब केला तिने. फार लागलं. एवढं थंडीनेही लागलं नव्हतं.

१७ मे
तीस. बर्फ दाराबाहेर आलाय. पेन धरवत नाही —
लॅबमध्ये गेले नाही. भाविकाने माझा नंबर ब्लॉक केलाय.

१८ मे
अठ्ठावीस. कापरं थांबलं. ते वाईट, शरीर हरतंय, मला माहीत आहे —
सूड म्हणून तरी द्यावा कुणाला. फिरत जाऊ दे तिच्यापर्यंत —

१९ मे
वरच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड. संजना. दारात उभी, कडेवर बाळ. फ्रिज नाही तिच्याकडे, बाळाचं दूध नासतं. तुम्ही वापरत नाही ना, ताई, द्याल का, विचारतेय —
एक 'हो' म्हणायचं. मग ऊब.
बाळाने माझं बोट धरलंय. किती गरम —
भाविका, तुझी खात्री —
मी नाही म्ह