न तोललेल्या कापसासाठी शब्द

कार्तिक वद्य पंचमी, शके १७८६

मी गणपतराव पाटील, वय साठ, राहणार अकोल्यानजीक, मोडी लिहिता-वाचता येणारा. माझ्या कापसाला आजवर कोणी नावे ठेवलेली नाहीत.

कापूस खात्याच्या इंग्रज साहेबांनी नवे बियाणे परीक्षेसाठी माझ्या वावरात पेरविले होते; विलायतेस जाणाऱ्या त्या परीक्षेच्या अहवालातून माझे वावर बाहेर राहणार, हे आज कळले. कारण मान्य आहे. पहिल्या वेचणीचा कापूस सीतादहीच्या, म्हणजे वावरात सीतादेवीला दहीभात वाहण्याच्या, पूजेनंतर रिवाजाप्रमाणे वेचणाऱ्या बायांना न तोलता वाटला. त्यामुळे वावराचे एकूण वजन आता खरे लागणार नाही. पण हे इंग्रजीत कोणत्या शब्दाने लिहावे?

साहेबांचे मुनशी करीमभाई अमरावतीहून मुद्दाम विचारायला आले. म्हणाले, "पाटीलसाहेब, रिजेक्टेड लिहिलं तर वाचणारा म्हणेल, कापूसच खराब. ऑमिटेड लिहिलं तर म्हणेल, नजरचुकीनं राहून गेला. एक्सक्लूडेड म्हणजे जाणूनबुजून बाजूले ठेवला. तुमीच सांगा."

कापूस खराब नव्हता. नजरचूकही नव्हती. मग तिसराच? पण बाजूला का ठेवला, हे विलायतेत कोणाला कसे कळावे? कारण लिहिण्यास जागा नाही म्हणतात.

पत्नीस विचारले, आधी तोलून मग वाटला असता तर?

"देवीच्या नावाचं कोनी तोलते काय? बाया कंजूस म्हनतीन तुमाले."

एक्सक्लूडेड लिहावयास सांगितले. तोच खरा असावा. तरी मान ताठ ठेवावी की खाली घालावी, हे उमगत नाही.

शब्द निवडताना करीमभाई व पत्नी समक्ष होते. करीमभाईंनी तो कागदावर उतरवून घेतला, पत्नी चुलीकडे गेली.