अठरा मिनिटांची फेरी

१४ मार्च

चि. ठमाबाईस,

बाबाचे आशीर्वाद. चार वर्षांतलं पहिलंच पत्र, तेव्हा अक्षर लागलं नाही तर आईला फोन करून विचार. तिचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र ठणठणीत आहे. मीही बरा.

तुझा अहवाल आमच्या डेपोत फळ्यावर लावलाय. खाली तुझं नाव, आडनाव अजून माझंच. मोनोरेल बंद करावी आणि वाहनतळ, हॉटेलं नि पाळण्यांच्या उद्यानाचं फाटक यांच्यात बसगाड्या चालवाव्यात, असं तू लिहिलंयस. फिटर म्हणाला, "कोण ही बया?" मी डबा उचलून गाडीकडे निघालो.

खर्चाचं लिहिलंयस ते खरं आहे. आमच्या गाडीची चाकं आता कुणी बनवत नाही. एक झिजलं की दुसऱ्या गाडीचं काढून बसवतो, ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. बस बिघडली तर दुसरी येते. आमची अडकली की मागच्या सगळ्या हवेत लटकतात. पण मुलं घरी जाताना पाळण्यांचं विसरतात नि गाडीचं बोलतात. हे कुठल्या रकान्यात मांडायचं, ते मलाही कळत नाही.

पण पान सात. मोनोरेलच्या फेरीला अठरा मिनिटं, बसला पंधरा, म्हणून बस. सगळा निकाल त्या एका ओळीवर टेकलाय. इथवर लिहून मी दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

आमची फेरी तेरा मिनिटांची आहे, ठमे.

वेळ मोजायला आलीस त्या मंगळवारी तू तिसऱ्या डब्यात बसलीस. टोपी डोळ्यांवर ओढलेली, हातात घड्याळ. फलाटावरच्या आरशात मला पेनाचं टोपण चावणारी एक बाई दिसली. त्या सवयीपायी आईनं तुला किती धपाटे घातलेत! तू सहा फेऱ्या केल्यास. सहाही फेऱ्या मी गाडी हळू चालवली. कंट्रोलवरून विचारणा झाली, तेव्हा वारा फार आहे अशी थाप मारली. झाडाचं पानही हलत नव्हतं. फेरी संपली की तू उतरशील, एवढंच डोक्यात होतं.

तुझ्या लग्नाला आलो नाही, त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं, नुसता ताठा होता. चूक माझी होती. जावई चांगला आहे असं आई सांगते, आणि ती सहसा कुणाला चांगलं म्हणत नाही.

आता माझ्या वेडेपणापायी इथल्या चौदा जणांच्या नोकऱ्या जाणार आणि चुकीच्या आकड्याखाली तुझी सही राहणार. उद्या सकाळी साहेबांकडे जाऊन सगळं सांगणार आहे. केबिनमधून काढतील, काढू देत. निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. खर्चापायी गाडी तरीही बंद पडली तर पडू दे, पण खऱ्या आकड्यावर पडू दे.

तू पुन्हा मोजायला ये. या वेळी गाडी दुसरा कुणीतरी चालवेल. मी तुझ्या शेजारी बसलो तर चालेल का? फेरी तेराच मिनिटांची आहे, पण तुला सहा मोजाव्या लागतील.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
बाबा