कोर्नेलियाचा चेहरा

ब्रुझ, सेंट मार्टिनचा दिवस, १४७१

ती. लिव्हनदादास,
आलेटचा सा. न. वि. वि.

तू विणलेलं कापड पोचलं. ते अंगावर घेऊनच लिहायला बसले आहे.

याकोब जाऊन दीड वर्ष झालं, आणि त्याची चित्रशाळा मी, त्याची बायको, चालवते याचं इथे अजून नवल करतात. व्यापारी योरिस यांनी मात्र वेदीमागचं तीन फळ्यांचं चित्र मलाच काढायला सांगितलं. मधे मरिया आणि देवदूत, एका बाजूला गुडघे टेकलेले ते स्वतः, दुसऱ्या बाजूला त्यांची पत्नी कोर्नेलिया. ती पाच वेळा बसायला आली, पोटुशी असताना. हात अवघडले की म्हणायची, देवापुढेसुद्धा मी इतका वेळ कधी हात जोडले नव्हते. ते म्हणतानाच्या हसण्यासकट चेहरा पुरा झाला आणि बाळंतपणात ती गेली. बाळही गेलं.

काल योरिस आले. नाताळनंतर दुसरं लग्न करताहेत. म्हणाले, कपडे राहू देत, हात राहू देत, फक्त तोंड बदलून नवीचं काढा. माझा हात उचलेना, असं मी सांगितलं. त्यावर म्हणाले, ब्रुझमध्ये चित्रकार पुष्कळ आहेत, आणि पुरुष आहेत. हे काम गेलं तर चित्रशाळेला कुलूप लागेल. काय करू?

तुझी,
आलेट

गेंट, सेंट निकोलासच्या आदल्या दिवशी

चि. आलेट हिस,
लिव्हनचे अनेक आशीर्वाद.

मला देवदूतांतलं कळत नाही, मागावरचं कळतं. मी विणलेल्या ताग्यावर दुसऱ्याचा शिक्का मारायला कुणी सांगितलं, तर मी त्याला दार दाखवीन. पण तू तापट आहेस, म्हणून एक विचारतो. त्या नव्या मुलीला कुणी विचारलं का? आधी तिला चित्र दाखव. काम गेलंच तर इथे खोली तयार आहे. फक्त वहिनीच्या पावाला नावं ठेवायची नाहीत.

तुझा,
लिव्हन

ब्रुझ, मेणबत्त्यांचा सण, १४७२

ती. दादास,
सा. न.

तुझं ऐकलं. नवी पत्नी कातेलीन आली. वीस वर्षांची असेल. मरियेजवळ पांढरी लिली का, हे तिने विचारलं. निर्मळपणाची खूण, मी सांगितलं. मग कोर्नेलियाच्या पायाशी कुत्रा का? निष्ठेची खूण, म्हटलं. ती बराच वेळ त्या कुत्र्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊनच आली. माझ्यादेखत त्यांना म्हणाली, की तिचं तोंड खरवडता येतं तर उद्या माझंही येईल. मी मेलेल्या बाईच्या हातांनी प्रार्थना करणार नाही, मला तिच्या मागे गुडघे टेकू द्या, माझ्या तोंडाने, माझ्या हातांनी.  कोर्नेलिया गेल्यापासून योरिसनी त्या चेहऱ्याकडे नीट पाहिलंच नव्हतं, ते आता पाहिलं. मग टोपी काढली आणि म्हणाले, ही म्हणते तसं करा.

आता कातेलीन मागे आहे. कोर्नेलियाच्या जोडलेल्या हातांवर मी लहानसा लाल क्रूस काढला आहे. ती देवाघरी गेली हे पाहणाऱ्याला त्यावरून कळेल. ईस्टरला चित्र उघडणार आहेत. ये.

आलेट

गेंट, ईस्टरनंतरचा दुसरा रविवार

चि. आलेट हिस,
आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तू त्या दिवशी खांबाआड लपलीस, म्हणून तुला माहीत नसलेलं सांगतो.

फळ्या उघडल्या आणि लोक पुढे सरकले. माझ्याजवळ तुमच्या चित्रकार संघाचे एक म्हातारे उभे होते. म्हणाले, हा हात याकोबचाच, बायकोने नुसता कडेने रंग भरला असेल. माझ्या मुठी वळल्या. पण पुढे काळ्या शालीतली एक म्हातारी होती, ती मागे वळली. ती कोर्नेलियाची आई. तिने त्यांना शांतपणे सांगितलं, की माझी लेक पहिल्यांदा चित्रासाठी बसली तेव्हा याकोब पुरून वर्ष झालं होतं, आणि माझ्या लेकीला असं हसताना याकोबने कधी पाहिलं नव्हतं. म्हातारे निघून गेले.

मग तिने मला विचारलं, तुम्ही कोण? सगळा जन्म मी ‘लिव्हन विणकर’ म्हणून सांगत आलो. त्या दिवशी तोंडून निघालं, मी चित्रकार आलेटचा भाऊ.

माया आहे तशी ठेव.

लिव्हन